शून्य क्रमांकाचं पुस्तक

जून २०२१मध्ये वाईला माझे बाबा गेले, तेव्हा मी तोक्योत होते. भारतातून येणाऱ्यांना जपानने त्या दिवसांत दार बंद केलं होतं, इथे राहण्याचा परवाना असलेल्यांनासुद्धा. गेले असते तर परत कधी येता येईल याचा नेम नव्हता आणि मुलगा तेरा वर्षांचा होता. मी गेले नाही.

त्यानंतर तीन महिने मला काही वाचता येईना. अनुवाद हे माझं पोटापाण्याचं काम. यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणायच्या. तेवढं हात आपोआप करत होते. बाकी कुठलंही पान उघडलं की अक्षरं जागच्या जागी पडून राहायची. सप्टेंबरातल्या एका रविवारी मुलाने माझ्या उशाशी एक लहानसं पुस्तक आणून ठेवलं. "चारच प्रकरणं आहेत, आई. एवढं वाच." कण्यावर शून्याचा आकडा होता.

'जुजुत्सु काइसेन' या चित्रकादंबरीमालेची ही पूर्वकथा. शाप, तलवारी, शाळकरी मुलं आणि रात्रीचं तोक्यो. माझ्या वयाच्या बाईने एरवी हातात धरलं नसतं असं पुस्तक. आजवर ते सात-आठ वेळा वाचून झालंय. त्यातून जे शिकले ते इथे मांडते आहे, आणि मोजायला अर्थातच शून्यापासून सुरुवात करते.

०. पूर्वकथा कधी कधी आधीच लिहून झालेली असते

एखादी मालिका गाजते, वाचक आणखी मागतात, मग लेखक मागे जाऊन 'हे सगळं सुरू कसं झालं' ते सांगतो. पूर्वकथा म्हणजे असंच काहीतरी, ही माझी समजूत होती. इथे उलटं घडलं. गेगे आकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराने २०१७मध्ये 'जंप गीगा' या मासिकात चार भागांची एक स्वतंत्र गोष्ट दिली. मोठी मालिका 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली ती मार्च २०१८मध्ये, आणि चालली सप्टेंबर २०२४पर्यंत. मालिकेने मूळ धरल्यावर, डिसेंबर २०१८मध्ये, ते जुने चार भाग एकत्र बांधले आणि त्यांना शून्य हा क्रमांक दिला.

म्हणजे ती चार प्रकरणं लिहिताना पुढे काही लिहायला मिळेल याची कुठलीच हमी नव्हती. वाचताना हे जाणवतं. 'हे पुढच्या वेळी सांगू' म्हणून काहीही राखून ठेवलेलं नाही. शेवट आहे, निरोप आहे, खलनायकाचा मृत्यूसुद्धा आहे.

आमच्या वाईच्या घराची हकीकत लिहून काढा, असं मी बाबांना दहा वर्षं सांगत होते. कुणी बांधलं, विहीर कधी बुजवली, माडीवरची खोली कुणासाठी चढवली. ते म्हणायचे, "पुढच्या दिवाळीत तू आलीस की बसू." आम्हाला नेहमी पुढचा भाग येणारच होता.

१. भुतं नव्या इमारतींत राहतात

गोष्ट थोडक्यात सांगते. युता ओक्कोत्सु सोळा वर्षांचा आहे. लहानपणी रुग्णालयात त्याची रिकाशी मैत्री झाली. तिने त्याला अंगठी दिली आणि मोठेपणी लग्न करायचं असं दोघांचं ठरलं. अकरा वर्षांची असताना रिका त्याच्या डोळ्यांदेखत मोटारीखाली गेली. तेव्हापासून ती त्याच्याजवळच आहे, एका अक्राळविक्राळ आकृतीच्या रूपात. युताला जो त्रास देईल त्याचा ती चेंदामेंदा करते. युताला जगायचं नाही, तर सुरीसुद्धा ती वाकवून टाकते. सातोरु गोजो नावाचा शिक्षक त्याला मांत्रिक घडवणाऱ्या एका शाळेत घेऊन येतो.

या जगातले शाप माणसांमधूनच निपजतात. भीती, लाज, पश्चात्ताप, असूया माणसांतून झिरपत राहते आणि जिथे ती साचते तिथे शाप आकार धरतो. म्हणून युताची पहिली कामगिरी निघते एका प्राथमिक शाळेत, दुसरी एका ओस पडलेल्या बाजारपेठेत. अशा बाजारपेठांना जपानीत 'शटर गल्ली' म्हणतात. मॉल आले, तरुण शहरात गेले आणि छपराखालची दुकानांची रांगच्या रांग कायमची बंद झाली. मी अशा गल्ल्यांतून चालले आहे. तिथे काहीतरी साचलेलं असतं, हे कळायला मंत्रविद्या लागत नाही.

मी अनेक वर्षं ओतेमाचीला कामाला होते. बँका, वृत्तपत्रं, काचेचे मनोरे. त्या मनोऱ्यांच्या मधोमध तायरा नो मासाकादोच्या मस्तकाची समाधी आहे. मासाकादोने दहाव्या शतकात राजसत्तेविरुद्ध बंड केलं आणि ९४०मध्ये तो मारला गेला. त्याचं मस्तक क्योतोत टांगलं होतं, तिथून ते उडत पूर्वेकडे परतलं, अशी आख्यायिका आहे. १९२३च्या भूकंपानंतर तिथे अर्थखात्याची तात्पुरती कचेरी उभी राहिली, मंत्र्यासकट काही जण दगावले, तेव्हा पूजा घालून जागा पुन्हा मोकळी केली, असं सांगतात. देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एवढा तुकडा आजही कुणी मागत नाही.

समाधीपाशी पूर्वी बेडकांच्या मूर्ती असायच्या. जपानीत 'काएरु' म्हणजे बेडूक आणि 'काएरु' म्हणजेच परत येणं. दूरच्या शाखेत बदली झालेले नोकरदार परत येता यावं म्हणून त्या ठेवून जायचे. २०२१च्या उन्हाळ्यात कामावरून निघाले की मी त्या समाधीपाशी थांबायचे. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी थांबायचे.

२. बोललेलं खरं होतं

त्या शाळेत तोगे इनुमाकी नावाचा एक मुलगा आहे. तो भाताच्या मुटक्यात जी सारणं भरतात त्यांच्या नावांनीच बोलतो. 'शाके', म्हणजे सामन मासा, हा त्याचा होकार. 'ओकाका', म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस, हा नकार. पहिल्या वाचनात मला हे पोरकट वाटलं. मग उलगडा होतो. त्याच्या तोंडून निघालेली आज्ञा खरी होते. तो 'चिरड' म्हणाला की समोरचं चिरडलं जातं आणि त्याचा स्वतःचा घसा सोलवटून निघतो. म्हणून त्याने ज्यातला एकही शब्द कुणाला लागणार नाही अशी भाषा निवडली आहे. मोजक्या शब्दांत तो सगळं निभावतो आणि त्याचे मित्र त्याच्या सुरावरून अर्थ ओळखतात.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. तिन्हीसांजेला कुणी अभद्र बोललं की ती म्हणायची, "असं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो." तिच्या राज्यात दिवा कधी विझला नाही, शांत झाला. बांगडी कधी फुटली नाही, वाढली. समोरचा वाणी रात्री दुकान बंद करत नसे, वाढवत असे. आणि घरातून निघणाऱ्याने 'जातो' म्हणायचं नाही. 'येतो' म्हणायचं, आणि दारातल्याने 'या' म्हणायचं. धाकटा काका एकदा घाईत 'जातो' म्हणाला, तर तिने त्याला पायऱ्यांवरून परत बोलावून दोन घोट पाणी पाजलं आणि मग 'येतो' म्हणायला लावलं.

जपानीत अशा वर्ज्य शब्दांना 'इमिकोतोबा' म्हणतात. लग्नाची मेजवानी संपली, असं तिथे म्हणत नाहीत. 'ओहिराकी' झाली म्हणतात, म्हणजे उघडली. सुकवलेल्या माकुळाचं नाव 'सुरुमे', पण 'सुरु' या ध्वनीत पैसा घालवण्याचा अर्थ आहे, म्हणून व्यापारी माणूस त्याला 'आतारिमे' म्हणतो. 'आतारि' म्हणजे नशीब फळणं. पंचवीस वर्षं मी ही भाषा शिकते आहे. ओहिराकी परीक्षेसाठी पाठ केलेला शब्द. दुकान 'वाढवणं' मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. दोन्ही शब्द एकमेकांचे सख्खे आहेत, हे मला मुटक्यांच्या सारणात बोलणाऱ्या एका चित्रातल्या मुलाने दाखवलं.

'शाप' यासाठी जी चित्राक्षरं जपानीत आहेत त्यातलं मुख्य अक्षर दोन प्रकारे वाचतात. 'नोरोई' वाचलं तर शाप. 'माजिनाई' वाचलं तर तोडगा, उतारा, लेकराचं दुखणं पळवणारी फुंकर. अक्षर तेच, फक्त वाचणारा ठरवतो. या पुस्तकाचं अख्खं कथानक त्या एका अक्षराच्या दोन वाचनांमध्ये घडतं, असं मला वाटतं.

३. मारामारीची पानं सोडू नयेत

मी सोडली होती. मुलाने विचारलं, "माकी काय म्हणाली ते वाचलंस का?" मला सांगता येईना. त्याने पुन्हा बसवलं. माकी झेनिन मांत्रिकांच्या मोठ्या घराण्यातली, पण तिच्यात ती शक्तीच नाही. चष्म्याशिवाय तिला शाप दिसतसुद्धा नाहीत. ज्या घराने तिला हिणवलं, त्या घराची प्रमुख व्हायचं म्हणून ती लढते. आणि युताला आपण का जगावं याचं उत्तर सापडतं ते धावपळीत, श्वास लागलेला असताना. मांगा, म्हणजे जपानी चित्रकादंबरी, उजवीकडून डावीकडे वाचतात, चौकटी तिरक्या होत जातात आणि डोळा आपसूक वेग धरतो. निबंधात जे काम परिच्छेद करतो ते इथे तलवारीचा फटका करतो.

४. सगळं ऐकू येऊ नये

या गोष्टीतला खलनायक सुगुरु गेतो गोजोचा एकेकाळचा जिवलग मित्र आहे. मंत्रशक्ती नसलेल्या माणसांना नाहीसं करायचं, असं त्याने ठरवलं आहे. २४ डिसेंबरला शिंजुकू आणि क्योतो या दोन ठिकाणी हजार-हजार शाप सोडणार, असं तो जाहीर करून टाकतो. सगळे तिकडे धावतात आणि तो स्वतः रिकाम्या शाळेत येतो, रिकाला मिळवायला. हरतो. एका गल्लीत, भिंतीला टेकून बसलेला असताना गोजो त्याला गाठतो.

गोजो त्याला काहीतरी सांगतो. काय, ते छापलेलं नाही. फक्त ते ऐकून गेतो हसतो, एवढं दिसतं.

पुढे मोठ्या मालिकेत आकुतामी २००६ सालात मागे जातात आणि या दोघांची मैत्री कशी फुलली, कशी तुटली ते सविस्तर सांगतात. म्हणजे पूर्वकथेची पूर्वकथा. ती वाचल्यावर गेतोबद्दल मला फार वाईट वाटलं. तरीसुद्धा ते वाक्य झाकलेलंच बरं, यावर मी ठाम आहे. ते त्या दोघांचं आहे. अनुवादकाच्या हाताला सवय असते ती रिकामी जागा भरायची. ज्या वाक्यात कर्ता नाही तिथे कर्ता घालायचा, जिथे नुसता हुंकार आहे तिथे शब्द ठेवायचा. या एका पानाने माझा हात धरला.

५. रागावलेल्याला हाकलायचं नाही, घर बांधून द्यायचं

युता हा सुगावारा नो मिचिझानेचा वंशज असल्याचं गोष्टीत शेवटी कळतं. जपानी वाचक या नावाशी क्षणभर थांबतो. मिचिझाने खरा होऊन गेला. विद्वान, कवी, क्योतोच्या दरबारातला मोठा अधिकारी. कारस्थानाला बळी पडून ९०१मध्ये दूर दाझाइफूला पाठवला गेला आणि ९०३मध्ये तिथेच वारला. मग राजधानीत माणसं मरू लागली. ९३०मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली. सगळ्यांनी ओळखलं, हा त्याचाच कोप. अशा सूड घेणाऱ्या आत्म्याला 'ओनर्यो' म्हणतात. ९४७मध्ये त्याच्यासाठी क्योतोत कितानो तेनमानगू हे देवस्थान उभं राहिलं. मिचिझाने तेनजिन झाला आणि पुढे विद्येचा देव.

तोक्योत त्याचं युशिमाचं देऊळ आहे. फेब्रुवारीत तिथे प्लमची झाडं फुलतात, ऐन प्रवेशपरीक्षांच्या हंगामात. लाकडी पाट्यांवर मुलं आपापल्या शाळांची नावं लिहून टांगतात, एकावर एक इतक्या की खांब दिसत नाहीत. माझ्या मुलाचीही एक पाटी तिथे होती. ज्याच्या भीतीने एकेकाळी राजवाडा कापत होता, त्याच्यापाशी पंधरा वर्षांचं पोर गणित सोपं जाऊ दे म्हणून हात जोडतं.

हे आपल्याला परकं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळ होता आणि त्यावरच्या मुंजासाठी पार बांधलेला होता. त्याच्या नावाने दर शनिवारी दिवा लागायचा. भीती वाटते तिथे दिवा लावायचा, ही रीत दोन्हीकडे आहे.

६. धरून कोण ठेवतं

आता शेवट सांगते. सहा वर्षं युता समजत होता की रिकाने त्याला झपाटलं. गेतोशी झालेल्या लढाईनंतर गाठ सुटते, ती भयंकर आकृती गळून पडते आणि आत अकरा वर्षांची मुलगी उभी असते. तेव्हा गोजो सांगतो, शाप रिकाने दिलाच नव्हता. ती गाडीखाली गेली त्या क्षणी युताच्या मनाने ते मान्य केलं नाही. जाऊ नकोस, हे त्याने इतक्या जोराने म्हटलं की ती जाऊ शकली नाही. धरून ठेवलं होतं त्याने.

मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मेच्या अखेरीस बाबांना साताऱ्याच्या एका रुग्णालयात हलवलं होतं. दादाने फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांना बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. मी म्हणाले, "बाबा, मी येईपर्यंत जायचं नाही हं. मी येतेय." त्यांनी मान हलवली. मी जाणार नव्हते, हे मला तेव्हाच माहीत होतं. त्यानंतर ते एकोणीस दिवस राहिले. श्वास नुसता लागलेला. रात्रपाळीच्या नर्सने दादाला विचारलं, "कुणाची वाट बघतायत का हे?"

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले. मी फोनवर होते. कावळे होते, भिंतीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. दादा एकेक सांगत गेला. आईला सांभाळीन. घर विकणार नाही. माळ्यावरची पुस्तकं वाचनालयाला देईन. तास उलटला. ऊन चढलं. शेवटी त्याने फोन पिंडाजवळ नेला आणि म्हणाला, "तू बोल. तुझ्यासाठीच थांबलेत ते." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घाटावरचं पाणी ऐकू येत होतं. गुरुजींनी अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मृतात्म्याचा जीव कशात तरी अडकतो, असं आपण म्हणतो. अडकवणारा हात जिवंत माणसाचाही असू शकतो, हे कुणी मला म्हटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ओबोन झाला. घरी आलेल्या पितरांना निरोप देण्याचे ते दिवस. शेजारच्या आजीबाईंनी दाराशी काकडीचा घोडा आणि वांग्याचा बैल मांडला होता, काड्यांचे पाय टोचून. येताना घोड्यावरून लवकर यावं, जाताना बैलावरून सावकाश जावं. तेव्हा मी नुसती बघून पुढे गेले होते. पुस्तक वाचल्यावर तो बैल डोळ्यांपुढे आला. सावकाश का होईना, तो निघालेलाच असतो.

७. शिंजुकू

या पुस्तकावरचा चित्रपट जपानमध्ये २४ डिसेंबर २०२१ला लागला, मुद्दाम त्याच तारखेला. शुक्रवार होता. मुलाने आधीच तिकिटं काढली होती, शिंजुकूला, गच्चीवरून गॉडझिलाचं डोकं डोकावतं त्या चित्रपटगृहात. आत जाताना प्रत्येकाच्या हाती एक छोटी पुस्तिका दिली. तिच्यावर आकडा होता ०.५. मुलाने ती वाकू नये म्हणून स्वेटरच्या आत धरली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे कोण रडतंय ते फक्त नाकाच्या आवाजावरून कळत होतं. पडद्यावर शिंजुकूच्या इमारती कोसळत होत्या आणि आम्ही त्याच शिंजुकूत बसलो होतो. गल्लीतला प्रसंग आला. गोजोचे ओठ हलले. आवाज नव्हताच.

बाहेर आलो तर रस्ता शाबूत होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तोक्योत सगळेजण केकचे खोके घेऊन घरी निघालेले असतात, आडवे होऊ नयेत म्हणून दोन्ही हातांवर तोलून. आम्हीही एक घेतला होता. स्टेशनच्या अलीकडे, ओलांडायच्या सिग्नलपाशी, मी थांबले. गर्दी आम्हाला वळसा घालून जात होती. वाईला तेव्हा दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील.

मी मास्क खाली केला आणि म्हटलं, "या, बाबा."

"कोणाशी बोलतेस?" मुलाने विचारलं.

"आजोबांशी."

त्याने केकचा खोका दुसऱ्या हातावर घेतला आणि माझ्या बाजूला उभा राहिला. हिरवा दिवा दोनदा लागून गेला.